गॅरी किल्डॉल : कॅपिटल अक्षरांचा माणूस

आमच्या हॉस्टेलमधल्या दोघातिघांनी हरसूलच्या एका शाळेसाठी छोटीशी वेबसाइट बनवली. लॅबमधल्या विंडोजवर सगळं झकास दिसत होतं. लिनक्स सर्व्हरवर टाकली आणि निम्मे फोटो गायब! कारण काय, तर कॅमेऱ्याने फाइलच्या नावातलं 'जेपीजी' कॅपिटलमध्ये दिलं होतं आणि पानाच्या कोडमध्ये ते स्मॉलमध्ये लिहिलेलं. विंडोजला ही एकच फाइल वाटते, लिनक्सला दोन वेगळ्या. विंडोजला ही सवय कुठून लागली ते शोधत मागे गेलं, की वाटेत एक माणूस हमखास भेटतो. तो म्हणजे गॅरी किल्डॉल.

गॅरीचा जन्म 19 मे 1942 चा, अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरातला. किल्डॉल घराण्याची जहाजावरचं नॅव्हिगेशन शिकवणारी शाळा होती. गॅरीनेही सुरुवातीला तिथे शिकवलं. पण पुढे युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये त्याला कॉम्प्युटरचं वेड लागलं आणि 1972 मध्ये त्याने त्यातच पीएच.डी. केली. नोकरी मात्र कॅलिफोर्नियातल्या माँटेरे इथे, नौदलाच्या कॉलेजात. म्हणजे स्वभावाने हा मास्तरच.

इंटेलचा 4004 हा मायक्रोप्रोसेसर 1971 मध्ये आला. तेव्हा बहुतेकांना ती चिप कॅलक्युलेटरपुरतीच वाटायची. गॅरीला त्यात अख्खा कॉम्प्युटर दिसला. त्याने इंटेलसाठी पीएल/एम ही प्रोग्रॅमिंगची भाषा तयार केली आणि 1974 मध्ये सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली. इंटेलने ती घेतली नाही. मग गॅरी आणि त्याची बायको डॉरोथी यांनी स्वतःच ती विकायला काढली. त्यांची कंपनी म्हणजे डिजिटल रिसर्च.

आता आपल्या मुद्द्याचं. गॅरी डेक कंपनीच्या मोठ्या मशीनवर काम करायचा. त्या मशीनच्या सिस्टिममध्ये फाइलच्या नावातलं एक अक्षर 6 बिटांत बसवत. 6 बिट म्हणजे 64 चिन्हं. त्यात आकडे आणि कॅपिटल अक्षरं मावली, स्मॉलला जागाच उरली नाही. शिवाय त्या काळचे स्वस्त टेलिटाइपसुद्धा फक्त कॅपिटल छापायचे. सीपी/एममध्ये हीच वहिवाट आली. नावाला 8 अक्षरं, पुढे टिंब, मग 3 अक्षरं. तुम्ही स्मॉलमध्ये टाइप करा, सिस्टिम ते कॅपिटल करूनच घेणार. आस्की कोडमध्ये कॅपिटल 'ए' 65 आणि स्मॉल 'ए' 97, फरक 32 चा, म्हणजे एकाच बिटाचा. त्यामुळे हे काम अगदी सोपं. युनिक्सवाल्यांनी मात्र दोन्ही वेगळी ठेवली, आणि 1991 मध्ये आलेल्या लिनक्सने युनिक्सचा कित्ता गिरवला. (आपल्या देवनागरीत कॅपिटल-स्मॉलची भानगडच नाही. ऱ्हस्व-दीर्घाची आहे म्हणा, आणि माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवालीला तीच पुरेशी आहे!)

गॅरीचं याहून मोठं काम म्हणजे बायोस. प्रत्येक मशीनचं हार्डवेअर वेगळं, म्हणून त्याने हार्डवेअरशी बोलणारा भाग बाजूला काढला. नवीन मशीन आलं की तेवढाच भाग बदलायचा. बायोस हे नावही त्याचंच.

1980 मध्ये आयबीएमचे लोक त्याच्या दारात आले. गॅरी तेव्हा विमान उडवत मजा करत होता म्हणून नशीब हुकलं, अशी गोष्ट सगळीकडे सांगतात. मला ती अन्यायाची वाटते. तो स्वतःचं विमान घेऊन कंपनीच्याच कामाला गेला होता. डॉरोथी भेटली, पण गुप्ततेच्या करारावर सही करायला बिचकली. पुढे नक्की काय झालं याबद्दल प्रत्येकाचं सांगणं वेगळं आहे. शेवटी काम मायक्रोसॉफ्टला मिळालं. त्यांनी सिअ‍ॅटलच्या टिम पॅटरसनने लिहिलेली सिस्टिम विकत घेतली, आणि तिची ठेवण बरीचशी सीपी/एमसारखी होती. 1981 मध्ये आयबीएम पीसी बाजारात आला. नंतर त्यावर गॅरीची सिस्टिमही मिळू लागली, पण डॉसला 40 डॉलर आणि तिला 240. कोण घेणार? अशा तऱ्हेने 8 अधिक 3 कॅपिटल अक्षरं डॉसच्या घरात नांदायला गेली. विंडोज 95 ने लांब नावं आणली, टाइप केलेलं स्मॉल-कॅपिटल जसंच्या तसं दाखवायलाही सुरुवात केली, पण फाइल शोधताना दोन्ही एकच मानायची सवय तशीच राहिली. म्हणून साइट हलवण्याआधी फाइलींची नावं आणि कोडमधल्या लिंक दोन्ही स्मॉलमध्ये करून घ्याव्यात. आमच्या मुलांनी तेच केलं आणि फोटो परत आले.

गॅरी काही हात चोळत बसला नाही. 1983 ते 1990 तो 'कॉम्प्युटर क्रॉनिकल्स' या टीव्ही कार्यक्रमात लोकांना कॉम्प्युटर समजावून सांगत होता. 1985 मध्ये त्याच्या दुसऱ्या एका कंपनीने अख्खा एन्सायक्लोपीडिया सीडीवर आणला. 1991 मध्ये डिजिटल रिसर्च नॉव्हेल कंपनीने घेतली. 11 जुलै 1994 ला, डोक्याला मार लागल्याने, माँटेरेमध्ये तो गेला. वय फक्त 52. त्याच्या जुन्या ऑफिसच्या जागी, पॅसिफिक ग्रोव्हला, आयट्रिपलई या इंजिनिअरांच्या संस्थेने 2014 मध्ये सीपी/एमच्या आठवणीचा फलक बसवला.