शेव्हालिए जॅक्सन

शेव्हालिए जॅक्सन (४ नोव्हेंबर, इ.स. १८६५ - १६ ऑगस्ट, इ.स. १९५८) हे अमेरिकन स्वरयंत्रतज्ज्ञ व शल्यचिकित्सक होते. श्वासनलिका व अन्ननलिकेच्या दुर्बीण-तपासणीचा पाया त्यांनी घातला. स्वरयंत्र जखमेच्या वणाने आक्रसून श्वासमार्ग अरुंद होतो, या दुर्मिळ विकाराचे कारण व उपचार यांवरील त्यांचे कार्य महत्त्वाचे मानले जाते.

जीवन

जॅक्सन यांचा जन्म पेनसिल्व्हेनिया राज्यातील पिट्सबर्ग येथे झाला. शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी त्यांनी काच व चिनी मातीच्या भांड्यांवर रंगकाम केले. इ.स. १८८६मध्ये त्यांनी फिलाडेल्फियाच्या जेफरसन मेडिकल कॉलेजातून वैद्यकीय पदवी घेतली. इ.स. १९११मध्ये त्यांना क्षयरोग झाला. या आजारातून ते बरे झाले. इ.स. १९१६मध्ये ते फिलाडेल्फियात स्थायिक झाले व तेथील अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांनी अध्यापन केले.

श्वासमार्गाच्या अरुंदपणावरील कार्य

त्या काळी घटसर्पात मुलांचा घसा बंद होत असे. अशा वेळी मानेतून छेद घेऊन श्वासनलिकेत नळी बसवावी लागे. घाईत हा छेद पुष्कळदा फार वर, स्वरयंत्राच्या तळाशी असलेल्या कड्यासारख्या क्रिकॉइड कूर्चेजवळ घेतला जाई. नळीच्या घर्षणाने कूर्चा झिजे, तेथे वण धरे आणि मार्ग आक्रसे. मूल वाचे, परंतु नळी काढताच त्याचा श्वास कोंडे. त्यामुळे नळी गळ्यात कायमची राही.

इ.स. १९२१च्या निबंधात जॅक्सन यांनी अशा सुमारे २०० रुग्णांचा आढावा घेतला. बहुतेकांच्या व्याधीचे मूळ रोगात नसून उंचावर घेतलेल्या छेदात आहे, असे त्यांनी दाखवले. छेद क्रिकॉइडच्या खाली, श्वासनलिकेच्या कड्यांतच घ्यावा, असा दंडक त्यांनी घालून दिला. आक्रसलेला मार्ग क्रमाक्रमाने रुंदावण्याच्या पद्धतीही त्यांनी वापरल्या. हे उपचार दीर्घकाळ चालत.

इतर कार्य

रुग्णांच्या श्वासमार्गातून व अन्नमार्गातून काढलेल्या २,३७४ वस्तूंचा त्यांचा संग्रह फिलाडेल्फियाच्या म्युटर संग्रहालयात आहे. टाचण्या, नाणी, बटणे इत्यादींचा त्यात समावेश आहे. दाहक क्षार गिळल्याने मुलांच्या अन्ननलिका आक्रसत असल्याचे पाहून, अशा पदार्थांच्या वेष्टनावर विषाची सूचना असावी यासाठी त्यांनी अनेक वर्षे प्रयत्न केले. त्यातून इ.स. १९२७चा अमेरिकन केंद्रीय कायदा झाला.

मूल्यमापन

जॅक्सन यांच्या अधिकारवाणीमुळे क्रिकॉइडच्या लगत वर घेतला जाणारा छेद अनेक दशके वर्ज्य मानला गेला. इ.स. १९७६मध्ये ब्रँटिगन व ग्रो यांनी ६५५ रुग्णांच्या अनुभवावरून हा छेद योग्य निवडीने सुरक्षित ठरू शकतो, असे मांडले. जॅक्सन यांच्या अनेक रुग्णांच्या स्वरयंत्रास आधीच दाह झालेला होता, हेही नंतर लक्षात घेण्यात आले. आज आणीबाणीत हा छेद जीवरक्षक मानला जातो; दीर्घकाळ नळी ठेवायची असल्यास मात्र सामान्यतः जॅक्सन यांनी सांगितलेली खालची जागाच निवडली जाते.