विश्लेषण : कर्ज फेडण्यासाठी मैफली करत फिरले, इकडे शाळेचाच लिलाव झाला! कोण होते विष्णु दिगंबर पलुस्कर?

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की बदलापूर गावात संध्याकाळी एखाद्या हॉलमधून पेटी-तबल्याचा आवाज हमखास येतो. शाळांना नाताळची सुट्टी असते आणि गायन क्लासचा वार्षिक कार्यक्रम ठरलेला असतो. आधी सगळ्या मुलांची सरस्वतीवंदना, मग छोट्या गटाचा भूप, मग ‘मध्यमा’ दिलेल्यांचा यमन. समोर आई-बाबा मोबाइल धरून बसलेले, मागच्या रांगेत आजी-आजोबा. आणि स्टेजच्या कडेला खुर्चीवर ठेवलेला, हार घातलेला एक फोटो. दाढी, डोक्यावर टोपी, गंभीर चेहरा.

फोटोतल्या माणसाचे नाव विष्णु दिगंबर पलुस्कर. मुलांच्या हातात पडणाऱ्या ‘प्रवेशिका’, ‘विशारद’च्या प्रमाणपत्रामागे त्यांचीच परंपरा आहे. तिकीट काढून गाणे ऐकणे, फी भरून गाणे शिकणे, परीक्षा देऊन पुढच्या वर्गात जाणे या आज अगदी साध्या वाटणाऱ्या गोष्टी त्यांच्या काळात साध्या नव्हत्या. त्यासाठी त्यांनी काय गमावले, ते मात्र फारसे सांगितले जात नाही.

फटाका आणि गाणे

पलुस्करांचा जन्म 18 ऑगस्ट 1872 रोजी कुरुंदवाडला झाला. घराण्याचे मूळ आडनाव गाडगीळ. सांगलीजवळच्या पलूस गावावरून ते पलुस्कर झाले. वडील दिगंबरपंत कीर्तनकार, त्यामुळे पेटी, टाळ, अभंग घरातच होते. तरी मुलाने गवई व्हावे असे घरात कोणाच्या मनात असण्याचे कारण नव्हते. तेव्हाच्या पांढरपेशा घरांत गवयाला मान नव्हता.

कलाटणी मिळाली ती नरसोबावाडीच्या दत्तजयंतीला. मार्गशीर्षातल्या त्या उत्सवात चेहऱ्याजवळ फटाका फुटला आणि मुलाचे डोळे भाजले. वेळेवर उपचार मिळाले नाहीत. नजर पुढे काही प्रमाणात सुधारली, पण शाळेचा अभ्यास करण्याइतकी नाही. उपचारांसाठी त्याला मिरजेला नेले, तिथे त्याचा गळा जाणकारांच्या लक्षात आला. मिरज संस्थानच्या आश्रयाने बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे तालीम सुरू झाली. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवणारे बुवा ते हेच.

(मुंबईहून मिरजेला जाणारी गाडी कर्जत-पुणे मार्गाने, म्हणजे बदलापूरवरूनच जाते. इथे थांबत नाही, एवढेच.)

मिरज का सोडले?

1896 मध्ये पलुस्करांनी मिरज सोडले. गुरूंशी संबंध बिघडले होते. त्यांच्या चरित्रांत एक प्रसंग नेहमी येतो. गावातल्या एका समारंभाचे निमंत्रण त्यांना आले, पण गुरूंना आले नाही. दरबारात ज्याचे गाणे ऐकायचे, त्याला प्रतिष्ठितांच्या पंगतीला बोलवायचे नाही, ही त्या काळची रीत होती. हा अपमान पलुस्करांच्या मनात घर करून राहिला, असे चरित्रकार मानतात. पुढची 35 वर्षे त्यांनी जे काही केले, ते पाहता हे पटते.

बडोदा, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली असे ते फिरत राहिले. सौराष्ट्रात त्यांनी माफक तिकीट लावून जाहीर मैफल केली. तोवर शास्त्रीय गाणे बहुतांशी दरबारात, देवळात किंवा धनिकाच्या दिवाणखान्यात ऐकायला मिळे. तिथे कोणाला आत घ्यायचे, हे यजमान ठरवायचा. तिकीट आले आणि पैसे देणारा कोणीही आत येऊ शकला. गवयालाही एका मालकाच्या मर्जीवर राहण्याची गरज उरली नाही.

लाहोरची शाळा कशी चालायची?

5 मे 1901 रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केले. नावात ‘महाविद्यालय’ होते, हाताशी मात्र राजाचा खजिना नव्हता. लोकांच्या देणग्या, विद्यार्थ्यांची फी आणि मैफलींची तिकिटे यांवर संस्था उभी करायची होती.

इथे त्यांनी जे केले, त्याला आजच्या भाषेत ‘सिस्टीम’ म्हणता येईल. इंजिनीअरिंग करून पत्रकारितेत आलेल्या माझ्यासारख्याला पलुस्करांच्या चरित्रातला हाच भाग सर्वांत जास्त आवडतो. गुरूच्या घरी पाणी भरत, मर्जी सांभाळत, कधी काय शिकायला मिळेल याची वाट पाहत शिकण्याऐवजी इथे वर्ग होता, वेळापत्रक होते, ठरलेला अभ्यासक्रम होता, परीक्षा होती. स्वर कागदावर लिहिण्याची स्वतःची पद्धत त्यांनी तयार केली आणि ‘संगीत बालप्रकाश’सारखी पुस्तके काढली. संस्थेचा स्वतःचा छापखाना होता, वाद्ये बनवण्याचा कारखाना होता. स्त्रियांनाही शिकायला प्रवेश होता. आपली मुलगी क्लासला जाते हे घरच्यांनी अभिमानाने सांगावे, असे वातावरण त्यांना तयार करायचे होते.

सर्वांत खर्चिक होता ‘उपदेशक’ वर्ग. यातली मुले कित्येक वर्षांच्या कराराने संस्थेतच राहायची. राहणे, जेवण, शिक्षण फुकट. बदल्यात पुढे शिक्षक म्हणून गाणे पसरवायचे. म्हणजे शाळेचे सर्वांत हुशार विद्यार्थी फी देत नव्हते, उलट शाळाच त्यांना पोसत होती. तो खर्च निघायचा कुठून? बराचसा मैफलींतून. पलुस्कर स्वतः गायचे, शिष्यांना सोबत घेऊन दौरे करायचे.

डिसेंबरच का?

उत्तर हिंदुस्तानात तेव्हा दोन मोठी व्यासपीठे नेमकी वर्षाच्या शेवटी मिळत. एक जालंधरचे हरिवल्लभ संगीत संमेलन. देवी तलावाच्या काठी 1875 पासून भरणारे हे संमेलन डिसेंबरच्या अखेरीस होते. लाहोरहून जालंधर जवळ. पलुस्कर तिथे जाऊ लागले आणि त्यांच्या शिष्यांनाही ती वाट पाठ झाली.

दुसरे व्यासपीठ काँग्रेसचे वार्षिक अधिवेशन. नाताळात कोर्ट-कचेऱ्या बंद असत, वकील मंडळी मोकळी असत, म्हणून अधिवेशन याच आठवड्यात ठेवण्याचा प्रघात होता. पलुस्कर तिथे ‘वंदे मातरम्’ गायचे. 1923 च्या डिसेंबरमध्ये काकीनाडा इथे अध्यक्ष मौलाना मोहम्मद अली यांनी धार्मिक कारणावरून गायनाला आक्षेप घेतला. पलुस्कर थांबले नाहीत. त्यांनी गीत पूर्ण केले.

त्यांच्याच चालीतली ‘रघुपती राघव राजाराम’ ही धून 1930 च्या दांडीयात्रेत गायली गेली. ती चाल आज सर्वांना येते, लावणाऱ्याचे नाव थोड्यांना.

मग लिलाव कसा झाला?

1908 मध्ये पलुस्करांनी मुंबईत शाखा काढली आणि हळूहळू तेच संस्थेचे मुख्य केंद्र झाले. विद्यार्थी वाढले, तशी स्वतःची इमारत आणि वसतिगृह हवे झाले. त्यासाठी त्यांनी कर्ज काढले. हिशेब असा होता, की मैफली करत राहायचे आणि हप्ते फेडत राहायचे. पण मैफलीचे उत्पन्न म्हणजे काही महिन्याचा पगार नव्हे. एका गावी गर्दी होते, दुसऱ्या गावी हॉल अर्धा रिकामा राहतो. कर्जावरचे व्याज मात्र दर महिन्याला चढतेच. शिवाय 1918 पासून मुंबईत संगीत परिषदा भरवण्याचा खर्च होता आणि उपदेशकांची पंगत रोज उठतच होती.

1924 मध्ये पलुस्कर मैफलींच्या दौऱ्यावर असताना सावकारांनी मालमत्तेवर जप्ती आणली. शाळेचा लिलाव झाला. ज्या कर्जासाठी ते गावोगाव गात होते, त्याच कर्जापायी मागे शाळा गेली. वय अवघे 52.

माझ्या मते यात नुसते दुर्दैव नव्हते, चूकही होती. अभ्यासक्रम, छापखाना, कारखाना इतक्या नेटकेपणाने उभारणाऱ्या माणसाने सगळी देणी एकाच गळ्यावर टाकली होती. तो गळा आजारी पडला किंवा दूर असला, तर दुसरी सोय नव्हती.

त्यानंतर काय?

पलुस्कर नाशिकला गेले. तिथे ‘रामनाम आधार आश्रमा’त राहून शिकवणे आणि रामभजन, एवढेच त्यांनी उरलेल्या आयुष्यात केले. 21 ऑगस्ट 1931 रोजी मिरजेत त्यांचे निधन झाले. ज्या गावातून रागावून निघाले, त्याच गावात.

इमारत गेली होती, उपदेशक मात्र शिल्लक होते. त्याच वर्षी शिष्यांनी अहमदाबादेत एकत्र येऊन मंडळ स्थापन केले. आजचे अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ ते हेच. विनायकराव पटवर्धनांनी 1932 मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढले. बी. आर. देवधरांनी मुंबईत शाळा चालवली, तिथे कुमार गंधर्व घडले. ओंकारनाथ ठाकूर 1950 मध्ये बनारस हिंदू विद्यापीठाच्या संगीत महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य झाले. फीवर चाललेल्या वर्गातला विद्यार्थी आता विद्यापीठात गाणे शिकवू लागला होता.

मंडळाचे काम आज वाशीहून चालते. बदलापूरकराला ठाण्याला गाडी बदलून जाता येईल, इतके जवळ. अर्थात परीक्षेसाठी तेवढेही जावे लागत नाही. केंद्रे गावोगाव आहेत.

आणि पलुस्करांचा मुलगा?

वडील गेले तेव्हा दत्तात्रेय दहा वर्षांचा होता. त्याला विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास या वडिलांच्याच शिष्यांनी शिकवले. 1935 मध्ये, चौदाव्या वर्षी, तो पहिल्यांदा मोठ्या व्यासपीठावर गायला बसला. ठिकाण होते जालंधर, हरिवल्लभ संमेलन. द. वि. पलुस्कर म्हणून पुढे सगळ्या देशाने त्याला ऐकले. 1955 मध्ये, वयाच्या अवघ्या 34 व्या वर्षी तो गेला. त्याच्या ध्वनिमुद्रिका आज मोबाइलवर सहज मिळतात. वडिलांपेक्षा मुलाचा आवाजच लोकांच्या जास्त ओळखीचा आहे.