गंगाजळीचा राखणदार

रुपया घसरला की बातमीत एक शब्द हमखास येतो : गंगाजळी. म्हणजे देशाने साठवलेलं परकीय चलन. कुठे युद्ध पेटलं, तेल भडकलं, परदेशी गुंतवणूकदार पैसे काढून निघाले, की पहिला धक्का ती सोसते. पण ती साठते कशी आणि तिची किंमत कोण मोजतं? हे समजून घ्यायचं, तर चिंतामणराव देशमुखांची, म्हणजे सी. डी. देशमुखांची गोष्ट तुम्हाला माहीत हवी.

जन्म 14 जानेवारी 1896, महाडजवळच्या नाते गावात. 1912 मध्ये मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले, शिवाय संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती. केंब्रिजला गेले, पण अर्थशास्त्र शिकायला नव्हे बरं का! विषय होते वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र. 1918 च्या आयसीएस परीक्षेतही पहिले. मग मध्य प्रांत-वऱ्हाडात सरकारी नोकरी केली आणि 1939 मध्ये रिझर्व्ह बँकेत आले. आपली शाखा चुकली म्हणून हळहळणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

11 ऑगस्ट 1943 रोजी ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. काळ मात्र भयंकर होता. महायुद्धासाठी ब्रिटन इथून धान्य, कापड, सामान उचलत होतं आणि मोबदला लंडनमधल्या खात्यात पौंडांत जमा होत होता. त्या जमेच्या आधारावर इथे नोटा छापल्या जात होत्या. माल कमी, नोटा जास्त, भाव कडाडणारच. त्याच वर्षी बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं मेली, आणि त्यामागे ही महागाईही होती. युद्ध संपल्यावर हिशेब झाला, तेव्हा भारताच्या नावावर सुमारे 1,700 कोटी रुपये जमा होते. कागदावर आपण सावकार, घरात मात्र चूल थंड.

जुलै 1944 मध्ये अमेरिकेत ब्रेटन वूड्सला 44 देश जमले. जगाच्या पैशाचे नवे नियम तिथे ठरणार होते. भारताच्या शिष्टमंडळाचे प्रमुख इंग्रज अधिकारी होते. देशमुख त्यात सदस्य. लंडनमध्ये अडकलेल्या पैशाचा काही भाग तरी नाणेनिधीमार्फत मोकळा व्हावा, ही भारताची मागणी फेटाळली गेली. पण सदस्य देशांची उत्पादनक्षमता वाढवणं हा विचार निधीच्या उद्दिष्टांत आला, त्यात भारताच्या आग्रहाचा वाटा होता. स्वातंत्र्य अजून तीन वर्षं दूर होतं, हे विसरू नका.

फाळणी झाली, पण बँक एकच. जून 1948 अखेरपर्यंत पाकिस्तानचं चलनही रिझर्व्ह बँकच सांभाळत होती. जून 1950 मध्ये देशमुख अर्थमंत्री झाले आणि त्याच महिन्यात कोरियात युद्ध पेटलं. कच्च्या मालाचे भाव आधी गगनाला भिडले, मग 1952 मध्ये कोसळले. या हेलकाव्यात पहिली पंचवार्षिक योजना तग धरून राहिली. वाढीचं लक्ष्य वर्षाला 2.1 टक्के होतं, प्रत्यक्षात 3.6 टक्के गाठलं. पावसाने साथ दिली, हेही खरं.

साठा असून भागत नाही, घराघरातही आधार लागतो, हे त्यांच्या पुढच्या कामांतून दिसतं. 1 जुलै 1955 रोजी इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली. पाच वर्षांत 400 नव्या शाखा उघडण्याची जबाबदारी तिच्यावर आली. जानेवारी 1956 मध्ये आयुर्विमा सरकारने ताब्यात घेतला, तो वटहुकूम काढून. बातमी आधी फुटू दिली नाही. देशमुखांनी ती रेडिओवरून देशाला सांगितली. 245 विमा कंपन्या आणि सोसायट्या एकत्र येऊन एलआयसी उभी राहिली. आजीची ती जुनी पॉलिसी आठवतेय?

जुलै 1956 मध्ये मुंबई महाराष्ट्राला नाकारली जात असल्याचं पाहून कुलाब्याच्या या खासदाराने अर्थमंत्रिपद सोडलं. पण त्यांच्याच कारकिर्दीत आखलेल्या दुसऱ्या योजनेने यंत्रांची प्रचंड आयात मांडली होती. बंगालच्या उपासमारीच्या काळात साचलेली गंगाजळी भराभर आटली आणि 1958 मध्ये भारताला मदतीसाठी परदेशांकडे हात पसरावे लागले. 1991 मध्ये पुन्हा तीच वेळ आली, तेव्हा तर सोनं देशाबाहेर गहाण गेलं.

देशमुख पुढे यूजीसीचे अध्यक्ष झाले, मग दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. 2 ऑक्टोबर 1982 रोजी ते गेले. तेव्हा पुढच्या वेळी गंगाजळीचा विक्रमी आकडा वाचाल, तेव्हा खूश जरूर व्हा. पण त्याच्याबरोबर दोन प्रश्नही विचारा : हा साठा कुणाच्या ताटातून आला, आणि आपण तो कशावर खर्च करणार आहोत?