छावणीतील चित्रशाळा

व्हिएन्नात १८९८ साली जन्मलेल्या फ्रीडल डिकर-ब्रँडाइस यांनी वायमारच्या बाऊहाउस कलाशाळेत योहानेस इटेन यांच्याकडे रंग व आकारांचे धडे घेतले. ज्यू असल्याने डिसेंबर १९४२ मध्ये नाझींनी त्यांची रवानगी तेरेझीनच्या छावणीत केली. मोजक्या सामानात त्यांनी चित्रकलेचे साहित्य नेले. तेथील मुलांना त्या जलरंग, रेषेची लय, टाकाऊ कागदांचे कोलाज शिकवीत. हुबेहूब चित्रापेक्षा मुलाची स्वतःची नजर त्यांना मोलाची वाटे. चित्रावर नाव लिहिण्याचा आग्रहही असे. ऑक्टोबर १९४४ मध्ये आउश्वित्झ येथे त्यांची हत्या झाली. मागे उरल्या दोन सुटकेस आणि त्यांतील सुमारे ४,५०० चित्रे. ती काढणारी बहुतेक मुले वाचली नाहीत. त्यांची नावे मात्र प्रागच्या ज्यू संग्रहालयातील चित्रांवर आजही वाचता येतात.