मैदान नाकारलेली खेळाडू

क्रीडेच्या इतिहासात विजेत्यांची नावे ठळक अक्षरांत लिहिली जातात. ज्यांना मैदानच नाकारले गेले त्यांची नोंद मात्र बहुधा फार उशिरा होते. इंग्लंडची लिली पार ही अशीच एक खेळाडू.

१९०५ साली लँकशरमधील सेंट हेलेन्स या श्रमिकांच्या नगरात तिचा जन्म झाला. भावांच्या संगतीत ती फुटबॉल शिकली. पहिल्या महायुद्धात पुरुष रणांगणावर गेले आणि कारखान्यांतील यंत्रांपाशी स्त्रिया उभ्या राहिल्या. प्रेस्टनच्या डिक कर कारखान्यातील अशाच स्त्रियांनी १९१७ साली आपला संघ उभारला. १९२० साली लिली त्या संघात आली, तेव्हा ती अवघी किशोरवयीन होती. डाव्या बगलेवर खेळणाऱ्या या उंचपुऱ्या मुलीच्या डाव्या पायाचा तडाखा लवकरच सर्वतोमुखी झाला.

या सामन्यांचे उत्पन्न जखमी सैनिकांच्या साहाय्यासाठी व अन्य लोकोपयोगी कार्यांसाठी जाई. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर या संघाचा खेळ पाहण्यास सुमारे ५३,००० प्रेक्षक लोटले. हजारोंना बाहेरूनच परतावे लागले. ही लोकप्रियताच बहुधा डोळ्यांत सलली असावी. ५ डिसेंबर १९२१ रोजी इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने आपल्या सदस्य क्लबांना स्त्रियांस मैदाने न देण्याचे फर्मावले. हा खेळ स्त्रियांना अयोग्य असल्याचे कारण पुढे केले गेले. जमलेल्या पैशांच्या विनियोगावरही शंका घेतली गेली. कोणताही कायदा झाला नाही. केवळ फाटकांना कुलपे लागली. मात्र एखादी कला खुरटवून टाकण्यास तेवढेही पुरेसे असते.

लिली खचली नाही. १९२२ साली संघाबरोबर अमेरिकेत जाऊन ती पुरुषांच्या संघांशी खेळली. पुढे व्हिटिंगहॅमच्या मनोरुग्णालयात तिने परिचारिकेची नोकरी केली आणि मिळेल त्या मैदानावर १९५१ पर्यंत खेळ चालू ठेवला. बंदी उठली ती १९७१ साली. तोवर तिने वयाची पासष्टी ओलांडली होती. १९७८ मध्ये तिचे निधन झाले.

२००२ साली इंग्लंडच्या फुटबॉल गौरवदालनात तिला स्थान मिळाले, २००८ साली संघटनेने बंदीबद्दल क्षमा मागितली, २०१९ साली मँचेस्टरला तिचा पुतळा उभा राहिला. हे सारे उचितच झाले. परंतु पुतळ्याला चेंडू खेळता येत नाही. फुटबॉलवर जीव टाकणाऱ्या गोमंतकाने यातून एवढेच घ्यावे: मुलींचा गौरव उद्या केला तरी चालेल, मैदान मात्र त्यांना आजच मिळाले पाहिजे.