‘लाँग’ म्हणजे नुसतं लांब नव्हे : रमाबाई रानडे यांच्या अभ्यासाची गोष्ट



सातपूरला माझ्या वर्गात परवा एक गंमत झाली. गंमत म्हणायची, पण मला ती लागली. माझी शाळा लांब आहे, हे इंग्रजीत सांगा असं मी मुलांना म्हटलं. एका मुलीने पटकन हात वर केला आणि माय स्कूल इज लाँग असं सांगून मोकळी झाली. जरा जास्त इंग्रजी येणारी मुलं हसली. ती खाली बसली, ती दिवसभर गप्पच. खरं तर चूक माझी होती. लाँग म्हणजे लांब, एवढंच मी फळ्यावर लिहून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी मुलांना रमाबाई रानडे यांची गोष्ट सांगितली. तुम्हालाही सांगते.

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी देवराष्ट्रे या गावी झाला. हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. माहेरचं नाव यमुना कुर्लेकर. त्या काळी मुलींना शिकवायची रीत नव्हती. १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचं लग्न न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी झालं. रानडे म्हणजे आपल्याच नाशिक जिल्ह्यातले, निफाडला जन्मलेले. वय एकतीस, मोठे विद्वान. आणि बायकोला अक्षरओळखही नाही! रानड्यांनी लग्नानंतर लगेच त्यांना मुळाक्षरांपासून शिकवायला घेतलं. आधी मराठी, मग हळूहळू इंग्रजी.

पण घरात वडीलधाऱ्या बायका होत्या. सुनेने शिकणं त्यांना मुळीच पसंत नव्हतं. एकदा भांडी घासताना रमाबाईंना इंग्रजी कागदाचा एक फाटका तुकडा दिसला. त्या तो वाचू लागल्या. घरातल्या बायकांनी ते पाहिलं आणि मग टोमण्यांना काही सीमाच राहिली नाही. विचार करा, एका चिटोऱ्यावरचे चार शब्द वाचले म्हणून केवढं ऐकून घ्यावं लागलं! रमाबाईंनी उलट उत्तर दिलं नाही, पण अभ्यासही सोडला नाही.

१८७८ साली रानड्यांची बदली नाशिकला झाली. रमाबाई पहिल्यांदा सभेत बोलल्या त्या इथेच, नाशिक हायस्कूलच्या समारंभात. ते भाषण रानड्यांनी लिहून दिलं होतं. पुढे पुण्यात मुलींसाठी हायस्कूल हवं, अशी मागणी सरकारकडे करायची ठरली. तेव्हा गव्हर्नरांसमोर रमाबाईंनी इंग्रजीत निवेदन वाचलं. घरी पुन्हा बोलणी खावी लागली. पण १८८४ साली ती शाळा सुरू झाली. तीच पुण्याची हुजूरपागा.

१९०१ साली रानडे गेले. रमाबाईंचं वय तेव्हा अवघं ३८. त्या घरात बसून राहिल्या नाहीत. पुण्यात सेवासदन उभं केलं, बायकांना शिक्षण आणि परिचारिकेचं काम शिकण्याची वाट करून दिली. येरवड्याच्या तुरुंगातल्या स्त्री कैद्यांना त्या भेटायला जात. ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक लिहिलं. १९२४ साली त्यांचं निधन झालं.

आता याच गोष्टीतून आम्ही लाँग शब्द कसा शिकलो ते बघा.

रमाबाईंची नऊवारी साडी लांब. साडी ही वस्तू आहे, तिची लांबी मोजता येते. इथे लाँग बरोबर.

देवराष्ट्रे नाशिकहून लांब. इथे गाव लांबुडकं आहे असं आपल्याला म्हणायचं नाही, ते दूर आहे. म्हणून फार. हा इंग्रजीतला फार बरं का, मुलं इथे हमखास हसतात! रस्ता मात्र लाँग असतो. म्हणून शाळा लाँग नाही, पण शाळेपर्यंतची वाट लाँग.

लग्नापासून शाळा सुरू होईपर्यंत किती काळ गेला? १८७३ ते १८८४, अकरा वर्षं. असा काळ विचारताना इंग्रजीत हाऊ लाँग म्हणतात. मराठीत आपण इथे लांब म्हणत नाही, किती वेळ किंवा किती वर्षं म्हणतो.

आणि माणूस उंच असेल तर तो टॉल, लाँग नव्हे. केस मात्र लाँग.

म्हणजे शब्द एकटा पाठ करून उपयोग नाही. तो कशाच्या शेजारी बसतो ते पाहावं लागतं. त्यासाठी मुलांनी वाक्यं बोलली पाहिजेत, चुकली पाहिजेत आणि चुकल्यावर पुन्हा बोलली पाहिजेत.

धडा संपताना त्या मुलीने स्वतःची वेणी हातात धरून माय हेअर इज लाँग असं सांगितलं. या वेळी वर्गात कुणी हसलं नाही.

पालकांनो, एक विनंती. घरी मूल चुकीचं इंग्रजी बोललं तर मोठ्या भावंडांना हसू देऊ नका. तुम्हाला इंग्रजी येत नसलं तरी चालेल, ते बोलतंय ते नुसतं ऐका. रमाबाईंना हसणाऱ्यांच्या घरात शिकावं लागलं. आपल्या मुलांवर ती वेळ कशाला आणायची?