वाटाड्यांचा वाटाड्या : एड्सगर डायक्स्ट्रा

पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी अमरावतीहून चिखलदऱ्याकडे निघालेल्या मोटारींची रांग परतवाड्यापाशी येऊन थबकते. येथून सातपुड्यावर चढण्यास दोन वाटा आहेत. एक धामणगाव गढीवरून मोथ्याकडे चढणारी, जवळची. दुसरी बिहाली, घटांग, सलोना असा वळसा घेणारी, लांबची. गर्दीच्या दिवसांत पोलीस अनेकदा एका वाटेने चढण्याची आणि दुसरीने उतरण्याची एकेरी व्यवस्था करतात. मोटारीतील पडद्यावर मात्र तोवर निळी रेघ उमटलेली असते, तिच्या शेजारी एखादी फिकट रेघही असते, आणि लांबच्या वाटेने गेल्यास किती मिनिटे जास्त लागतील याचा आकडाही. हा हिशेब ज्या रीतीच्या पायावर उभा आहे ती रीत हॉलंडमधील एका तरुणाने १९५६ साली, कागदाला पेन्सिल न लावता, सुमारे वीस मिनिटांत रचली होती. एड्सगर डायक्स्ट्रा हे त्याचे नाव.

डायक्स्ट्रा यांचा जन्म ११ मे १९३० रोजी रॉटरडॅम येथे झाला. वडील रसायनशास्त्राचे शिक्षक, आई गणिती. आपण कायद्याचे शिक्षण घ्यावे आणि पुढे संयुक्त राष्ट्रसंघात देशाचे प्रतिनिधित्व करावे, असा या मुलाचा मनसुबा होता. परंतु विज्ञान विषयांतील गुण पाहून घरच्यांचा व शिक्षकांचा आग्रह पडला आणि तो लायडन विद्यापीठात सैद्धांतिक भौतिकशास्त्राकडे वळला. १९५१ साली इंग्लंडमधील केंब्रिज येथे त्यांनी संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याचा तीन आठवड्यांचा वर्ग केला आणि पुढील वर्षी ॲमस्टरडॅमच्या गणित केंद्रात अर्धवेळ आज्ञावलीकार म्हणून ते रुजू झाले. भौतिकशास्त्र की संगणक, हा पेच काही वर्षे राहिला. आज्ञावली लिहिणे हे त्या काळी कारागिराचे काम समजले जाई, विद्वानाचे नव्हे. केंद्राच्या गणन विभागाचे प्रमुख ॲड्रियन व्हॅन वेंगार्डन यांनी या पोरसवदा सहकाऱ्याला सुचविले, की या कामाला शास्त्राची प्रतिष्ठा नसेल तर ती मिळवून देणाऱ्यांपैकी एक होण्यास काय हरकत आहे? डायक्स्ट्रा यांनी भौतिकशास्त्राची पदवी पुरी केली आणि ती वाट सोडली. १९५७ मध्ये केंद्रातच गणनाचे काम करणाऱ्या रिया डेबेट्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला, तेव्हा नोंदणी अधिकाऱ्यांनी आज्ञावलीकार हा व्यवसाय मान्य केला नाही. कागदोपत्री त्यांना सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ म्हणूनच उभे राहावे लागले.

त्याच्या आदल्या वर्षी केंद्राचा आरमॅक हा नवा संगणक तयार झाला होता. उद्घाटनाला येणाऱ्या पाहुण्यांना यंत्राचे सामर्थ्य दाखवायचे, तर प्रश्न असा हवा की जो गणित न जाणणाऱ्यालाही कळेल. हॉलंडच्या दोन शहरांमधील सर्वांत जवळचा मार्ग कोणता, हा प्रश्न डायक्स्ट्रा यांनी निवडला. नकाशात ६४ शहरे घेतली, कारण तेवढ्या शहरांचे क्रमांक सहा द्विमान अंकांत बसतात. रीत सुचली ती मात्र प्रयोगशाळेत नव्हे. एका सकाळी भावी पत्नीसह बाजारहाट करून थकल्यावर दोघे एका कॅफेच्या सज्जात कॉफी घेत बसले असताना ती त्यांच्या डोक्यात जुळून आली. जवळ लिहायला काही नव्हते हे बरेच झाले, असे त्यांना पुढे वाटे. कारण त्यामुळे अनावश्यक गुंतागुंत आपोआप गळून पडली.

ती रीत परतवाड्याच्या फाट्यावर उभे राहून सहज समजते. समजा, परतवाड्याहून धामणगाव गढी २० मिनिटांवर आणि घटांग ३५ मिनिटांवर आहे. आणि त्या दोन्ही ठिकाणांहून चिखलदरा प्रत्येकी ४० मिनिटांवर. यंत्र प्रथम परतवाड्याचे सर्व शेजारी नोंदते. त्यांतील सर्वांत जवळचा, म्हणजे धामणगाव गढी, पक्का करते. तेथून चिखलदरा ६० मिनिटे, ही नोंद होते, पण कच्ची. कारण घटांगची ३५ मिनिटे अजून ६० पेक्षा कमी आहेत, तेव्हा त्या वाटेचा विचार आधी झाला पाहिजे. घटांग पक्के झाले, तेथून चिखलदरा ७५ मिनिटे निघाले, नोंद बदलण्याचे कारण उरले नाही. आता उरलेल्यांत सर्वांत लहान आकडा चिखलदऱ्याच्याच ६० चा, तो पक्का. पावसाळी रविवारी धामणगाव गढीपासूनच्या चढणीला ४० ऐवजी ७० मिनिटे लागू लागली, तर चिखलदऱ्याची कच्ची नोंद ९० होते, आणि घटांगची पाळी येताच तिच्या जागी ७५ लिहिले जाते. निळी रेघ लांबच्या वाटेवर सरकते.

या साऱ्याचे मर्म पक्के करण्याच्या क्षणात आहे. उरलेल्यांत ज्याचा आकडा सर्वांत लहान, त्याच्यापर्यंत याहून स्वस्त वाट पुढे सापडणारच नाही. कारण दुसरी कोणतीही वाट त्याच्याइतक्या किंवा त्याहून मोठ्या आकड्यावरूनच येणार आणि चालल्याने वेळ कधी कमी होत नाही. म्हणून मागे फिरून पुन्हा तपासावे लागत नाही. गावे चार असोत वा चार लाख, उत्तर चुकणे शक्य नाही. अट एकच, कोणत्याही वाटेची किंमत शून्याहून कमी नसावी.

किंमत म्हणजे अंतर नव्हे, ही गोष्ट चिखलदऱ्याच्या भूमीला दोनशे वर्षांपूर्वीच ठाऊक झाली होती. डिसेंबर १८०३ मध्ये आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, गाविलगडापुढे आला. दक्षिणेच्या बाजूने किल्ला जवळ होता. पण तेथला कडा असा, की तटाला खिंडार पाडून आत शिरणे दुरापास्त. म्हणून मुख्य हल्ला उत्तरेकडून करण्याचे ठरले आणि कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेने एलिचपुराहून जड तोफा डोंगरांतून सुमारे ३० मैलांचा वळसा घालून नेल्या. बरीचशी वाट सैनिकांनी स्वतः तयार केली आणि तोफा हातांनी ओढल्या. १५ डिसेंबरला गड पडला. नकाशावरील अंतर मोजले तर हा मार्ग मूर्खपणाचा ठरतो. त्यातून किती माणसे जातील आणि काय साधेल याचा हिशेब मांडला तर तोच सर्वांत स्वस्त होता. आजच्या यंत्रातही रस्त्याच्या प्रत्येक तुकड्याला असाच एक आकडा चिकटविलेला असतो. त्यात वेग, वळणे, रुंदी, पथकर, गर्दी यांपैकी काय धरायचे, हे माणूस ठरवितो.

डायक्स्ट्रा यांनी आपली रीत प्रसिद्ध करण्याची घाई केली नाही. असल्या मोजक्या पर्यायांतून निवड करण्याच्या प्रश्नाला गणित म्हणावे की नाही, याविषयीच त्या काळी साशंकता होती. अखेरीस १९५९ मध्ये एका नव्या जर्मन नियतकालिकाच्या पहिल्या खंडात तो लेख आला. जेमतेम तीन पानांचा, आणि त्यातही दोन प्रश्नांची उत्तरे. दुसरा प्रश्न होता अनेक बिंदू कमीत कमी तारेने जोडण्याचा. त्यांच्या केंद्रातील पुढच्या संगणकाची तांब्याची तार वाचविण्यासाठी तो सोडविला गेला होता.

पुढील कारकीर्द मोठी आहे, येथे ती धावतीच सांगता येईल. १९६० मध्ये याप झोनेवेल्ड यांच्यासह त्यांनी अल्गोल ६० या भाषेचा अनुवादक तयार केला. तो पुरा होईपर्यंत दोघांनी दाढी न करण्याचा पण केला होता आणि डायक्स्ट्रा यांनी दाढी मग कायमचीच ठेवली. १९६२ मध्ये ते आइंडहोव्हनला प्राध्यापक झाले. एकाच संगणकावर अनेक कामे परस्परांना अडथळा न करता कशी चालावीत, याची त्यांनी घातलेली घडी आजही वापरात आहे. १९६८ मध्ये आज्ञावलीतील मनमानी उड्यांविरुद्ध त्यांनी लिहिलेल्या छोट्या पत्राने मोठे वादळ उठविले, आणि १९७२ मध्ये संगणकशास्त्रातील सर्वोच्च असा ट्युरिंग पुरस्कार त्यांना मिळाला. या सर्वांमागे एकच हट्ट होता. आज्ञावली चालवून पाहिली आणि ती बरोबर निघाली, एवढ्याने त्यांचे समाधान होत नसे. चाचणीने चुका सापडतात, चुका नाहीत हे सिद्ध होत नाही; ते गणितानेच सिद्ध केले पाहिजे. हा हट्ट अनेकांना अतिरेकी वाटे, आणि तो मांडताना त्यांची जीभ फार मवाळ नसे, हेही खरे.

रात्री घाटात अनोळखी चालकाला वळण सांगणाऱ्या यंत्राकडे पाहिले की या हट्टाचे मोल कळते. अमेरिकेने मे २००० मध्ये जीपीएस संकेतांत मुद्दाम मिसळलेली अशुद्धता काढून टाकली आणि मोटार कोणत्या रस्त्यावर आहे हे काही मीटरांच्या अचूकतेने समजू लागले. चालकाने वळण चुकविले, की यंत्र त्याला रागवत नाही. तो आता जेथे आहे तेथून नवा शोध सुरू करते. दरड कोसळल्याची वार्ता आली, तर त्या तुकड्याची किंमत अमर्याद केली जाते आणि शोध आपोआप तिला टाळतो. मूळ रीत चहूबाजूंनी सारख्याच पसरते, म्हणजे चिखलदऱ्याची वाट शोधताना अकोल्याकडेही पाहते. तिला दिशा देण्याची युक्ती १९६८ मध्ये कॅलिफोर्नियातील तिघा संशोधकांनी एका फिरत्या यंत्रमानवासाठी काढली : ठिकाणापर्यंतचे सरळ रेषेतील अंतर हिशेबात मिळवायचे, म्हणजे उलट्या दिशेची गावे मागे पडतात. २००८ मध्ये जर्मनीतील कार्ल्सरूह येथे लहान रस्त्यांचे तुकडे आधीच जोडून ठेवण्याची रीत विकसित झाली आणि खंडभराच्या नकाशावरील उत्तर डोळ्याचे पाते लवण्याआधी मिळू लागले.

पर्यायी मार्गाची गोष्ट जरा नाजूक आहे. क्रमांक दोनचा सर्वांत जवळचा मार्ग शोधला, तर तो बहुधा पहिलाच असतो. परतवाड्यातल्या एखाद्या गल्लीतून शिरून पुन्हा त्याच रस्त्याला लागणारा. असा पर्याय कोणाच्या कामाचा? म्हणून २०१० च्या सुमारास संशोधकांनी निकष बांधले : पर्यायाचा बराचसा भाग वेगळा असावा, तो फार लांब नसावा, आणि त्यात निरर्थक वळसे नसावेत. तो मिळविण्याच्या दोन वाटा आहेत. पहिल्या मार्गाच्या सर्व तुकड्यांच्या किमती थोड्या वाढवून पुन्हा शोधायचे, ही एक. निघण्याच्या ठिकाणाहून पुढे आणि पोचण्याच्या ठिकाणाहून मागे असे दोन्ही शोध चालवून, ज्या लांब पट्ट्यांवर दोघांचे एकमत होते ते उचलायचे, ही दुसरी. घटांगचा रस्ता अशा वेळी आपणहून वर येतो. दोन्ही वाटांच्या पोटात कॅफेतील तीच रीत आहे.

चूक होते ती मग कोठे? मेळघाटात अनेक ठिकाणी मोबाइलचा संकेत मिळत नाही; तेथे यंत्राला ताजी वार्ता कळत नाही. एकेरी वाहतुकीचा हुकूम सकाळी निघतो, तो नकाशावर चढेलच असे नाही. जंगलातली पायवाट कोणी गाडीरस्ता म्हणून नोंदविली असेल, तर यंत्र पूर्ण शुद्ध तर्काने मोटार तिच्यावर घालील. तर्क डायक्स्ट्रा यांचा आहे, आकडे आपले. त्यांना स्वतःला हा भेद फार महत्त्वाचा वाटे : दिलेल्या अटींवर उत्तर बरोबर आहे का, हा एक प्रश्न, आणि अटी योग्य दिल्या का, हा निराळाच.

१९८४ मध्ये ते अमेरिकेतील ऑस्टिन येथे टेक्सास विद्यापीठात गेले. संगणकाला शास्त्र मिळवून देणारा हा माणूस आपले लेखन फाउंटन पेनने करी. क्रमांक घालून, सुवाच्य अक्षरांत लिहिलेली तेराशेहून अधिक टिपणे तो प्रती काढून मित्रांना पाठवीत असे. घरी संगणक आला तोही उशिरा, पत्रव्यवहारापुरता. सुट्टीत मात्र पती-पत्नी फोक्सवॅगनची व्हॅन काढून राष्ट्रीय उद्याने पाहत हिंडत. ट्युरिंगच्या काल्पनिक यंत्राच्या नावावर कोटी करून त्या व्हॅनला त्यांनी टुरिंग मशीन असे नाव दिले होते.

१९९९ मध्ये ते निवृत्त झाले. आजारी अवस्थेत २००२ च्या आरंभी ते हॉलंडमधील न्यूनेन येथील आपल्या घरी परतले आणि ६ ऑगस्ट २००२ रोजी कर्करोगाने तेथेच त्यांचे निधन झाले. मोटारीच्या काचेला चिकटविण्याचे वाटाडे यंत्र घराघरांत पोचविणारी टॉमटॉम ही कंपनी त्यांच्याच देशातील ॲमस्टरडॅमची. तिचे पहिले स्वतंत्र यंत्र बाजारात आले २००४ मध्ये.